फादरबाबांचा आहेर

बुधवारी सकाळी झुंबरबाई भाकरी घेऊन मिशनच्या मागच्या झोपडीपाशी गेली, तेव्हा मोतीरामचं कुत्रं दारात बसून विव्हळत होतं. तिनं बाहेरूनच दोन हाका मारल्या. आतून ओ आली नाही. वाकून पाहिलं तर मोतीराम गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेला. डोळे उघडे आणि तोंडाशी वाळलेला फेस.

ती ओरडली नाही. आधी तिनं त्याचे डोळे मिटले, मग फादरबाबांना हाक मारली.

उंबरखेडी हे अमडापूरच्या बाजाराला जाणारं लहानसं गाव. महारोग झाला म्हणून मोतीरामला घराबाहेर काढलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत मिशनचे फादर पास्कोल लोपीस आणि त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी झुंबरबाई सोडली, तर त्या झोपडीकडे कोणी फिरकलं नव्हतं. मेल्यावर मात्र त्याला पाहायला अख्खं गाव आलं, तेही वीस हात लांब उभं राहून. माणसं अशी वागतात आणि वर रात्री सुखानं जेवतात, याचा मला नेहमी संताप येतो.

गुरुवारी सकाळी चिखलीच्या डॉक्टरांचा निरोप ठाण्यात आला. मोतीरामच्या पोटात मेथीचे लाडू होते आणि लाडवांत कपाशीवर फवारायचं औषध. लाडू फादरबाबांना मिळालेल्या आहेरातले. झोपडीत नेऊन दिले झुंबरबाईनं. जमादाराला एवढं पुरे झालं. त्यानं तिला उचलून आणलं.

फौजदार अनंत कस्तुरे तिच्यासमोर बसले. उद्या सकाळी तिला बुलढाण्याला न्यायालयात उभं करायचं होतं. एकदा कागद वर गेले की खाली अडकलेला माणूस खालीच राहतो, हे त्यांनी बारा वर्षांच्या नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

“लाडू कोणी आणले?”

“मले नाई मालूम. मंगळवारी संध्याकाळी ओट्यावर समद्यायचे डबे व्हते. त्यातच एक गठुडं व्हतं.”

“मोतीरामला तूच दिलेस?”

“हाव. बाबा म्हनले दे, म्हनून देले.”

“फादरांनी स्वतः का खाल्ले नाहीत?”

“त्याईचा उपास हाये ना. चाळीस दिवस गोड बंद. या दिवसाईत जे गोड येते, ते मोतीरामभाऊले जाते.”

“हे गावात कोणाला माहीत आहे?”

झुंबरबाईनं मान खाली घातली.

“कोणाला सांगितलं होतंस?”

“ते नका इचारू, साहेब.”

“अगं, फाशीचा दोर गळ्यात येईल तुझ्या.”

“येऊ द्या.”

इथवर बाई सरळ बोलत होती. याच प्रश्नापाशी तिनं तोंड शिवून घेतलं. ती कोणाला तरी पाठीशी घालते आहे, एवढं कस्तुऱ्यांना कळलं. कोणाला, ते शोधायला त्यांच्याकडे एक दिवस होता.

फादर लोपीस मूळचे वसईचे, वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मंगळवारी त्यांना धर्मगुरू होऊन पंचवीस वर्षं झाली, म्हणून गावानं त्यांना आहेर केला होता. भिंतीवर चौकटीत घातलेलं मानपत्र टांगलं होतं. खोलीत नवी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू.

“तिला सोडवा, साहेब,” ते म्हणाले. “ती मुंगी मारायची नाही.”

“विष तुमच्यासाठी असेल. कोणाशी वाकडं?”

“असेल तर मला ठाऊक नाही.”

स्वयंपाकघरात अकरा डबे ओळीनं मांडलेले होते. पितळेचे, घरधन्यांची नावं कोरलेले. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून झुंबरबाईनं प्रत्येकात चिमूटभर साखर घालून ठेवली होती. काय काय आलं होतं ते फादरांनी सांगितलं. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, भगर, साबुदाण्याच्या पापड्या, उकडलेली रताळी.

“गाव तुमच्या उपासाला जपतं,” कस्तुरे म्हणाले.

फादर कसंनुसं हसले. “आमचा उपास वेगळा असतो. चाळीस दिवस रोज एकदाच पोटभर जेवायचं, शुक्रवारी मांस नाही, आणि आपल्याला जे फार आवडतं ते सोडायचं. मला गोड आवडतं. पण त्यांनी प्रेमानं उपासाचे जिन्नस आणले. हिरमोड कशाला करायचा? मी घेतो आणि मोतीरामला देतो.”

“मेथीचे लाडू कुठल्या डब्यात होते?”

“डब्यात नव्हते. कापडात बांधले होते. लाल काठाच्या जुन्या धोतराचा तुकडा.”

“ते कापड कुठे आहे?”

फादर त्यांना झोपडीत घेऊन गेले. मोतीरामच्या उशाच्या पोत्यावर तो तुकडा होता, चार घड्या नीट घातलेला. गावानं फादरांना दिलेलं नवं घोंगडंही तिथंच होतं. मंगळवारी मिळालं आणि मंगळवारीच त्यांनी ते देऊन टाकलं.

कुत्रं अजून दारातच होतं.

“याला काही झालं नाही?”

“नाही. खरं तर मोतीराम प्रत्येक घासातला अर्धा याला द्यायचा. त्या रात्रीची भाकरीसुद्धा दिली होती, हे तुकडे पडलेत बघा. लाडू पाच होते. पाचही त्यानंच खाल्ले.”

“मोतीरामच्या घरी कोण आहे?”

“धाकटा भाऊ कारभारी, त्याची बायको केसरबाई. मोतीरामची बायको शालूबाई आणि मुलगी पुष्पा. जमीन दोघा भावांच्या नावावर आहे. कारभाऱ्याला ती विकायची होती. मोतीराम म्हणायचा, आधी पुष्पाचं लग्न, मग सही.”

तिथून कस्तुरे शेषराव पाटलांकडे गेले. आहेराचं सगळं पाटलांनीच जमवलं होतं. चिंतामण मास्तरही येऊन बसले. मानपत्रातला मजकूर त्यांचा होता आणि तो कोणीतरी पुन्हा वाचून दाखवायला सांगेल, अशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

“काय द्याचं याचीच मोठी पंचाईत, साहेब,” पाटील म्हणाले. “लुगडं द्यावं तं बायको नाई, पाळना द्यावा तं पोर नाई. अंगठी घालत नाई. या मानसाले कायबी द्या, चार दिवसांत दुसऱ्याच्या अंगावर दिसते. मास्तर म्हनले, मानपत्र द्या. ते कोनाले देता येत नाई.”

“बाकी?”

“बाकी घोंगडं, आनं घरटी एक फराळाचा डबा. बाबाले उपास असते म्हनून.”

इतक्यात पाटलीणबाई, रुखमाबाई, पोह्यांची बशी घेऊन आल्या. कस्तुऱ्यांनी हात जोडले. “माझा गुरुवार असतो.”

“अगं बाई! मंग पोहे कसे चालतीन!” बशी आली तशी आत गेली आणि राजगिऱ्याचा लाडू आणि दूध बाहेर आलं. “हे घ्या. याच घान्यातले बाबाले पाठवले व्हते. बाबानं खाल्ले काहो? गोड झाले व्हते ना?”

म्हणजे फादर गोड खात नाहीत हे पाटलांच्या घरीसुद्धा माहीत नव्हतं. कस्तुऱ्यांनी तो प्रश्न अंगाबाहेर टाकला. “मेथीचे लाडू कोणाकडून आले असतील?”

“उपासाले मेथीचे लाडू?” रुखमाबाईंनी डोळे मोठे केले. “त्यात गव्हाचं पीठ असते, साहेब. उपासाच्या मानसाले गहू कोन पाठवनार? पाप नाई का लागनार? वैरीनबी नाई पाठवनार!”

कस्तुऱ्यांनी तोंडाशी नेलेला लाडू परत ताटलीत ठेवला.

“कारभाऱ्याच्या घरून काय आलं होतं?”

“केसरबाईनं डबा पाठवला व्हता. शेंगदान्याचे लाडू,” पाटील म्हणाले. “त्याईच्या घरी उद्या पुष्पाचं साक्षगंध हाये. वडनेर भोलजीचे पाहुने येनार. पोरीचा बाप बैरागी व्हऊन गेला असं त्याइले सांगतलं व्हतं. आता मध्यस्थ म्हनते, पाहुने आधी मिशनमधल्या मानसाले पाहातीन, मंग कुकू लावतीन. या आधी दोन ठिकानी मोडलंच हाये. हे तिसरं. आता मेला बिचारा. पाहाले काय उरलं!”

कारभाऱ्याच्या अंगणात मांडवाच्या बल्ल्या रचून ठेवलेल्या होत्या. सुतक आलं होतं तरी त्या कोणी हलवल्या नव्हत्या. कारभारी फौजदारांना पाहताच तडकला.

“मले मालूम हाये लोक काय म्हनून राह्यले. दोन एकर जमिनीसाठी म्या भाऊ मारला का? मेला तं त्याचा हिस्सा बायको-पोरीच्या नावावर जाते. मले काय भेटते?”

त्यात खोटं काही नव्हतं. कस्तुरे केसरबाईकडे वळले. ती बोलायला तयारच होती.

“घरात विघ्न म्हना, साहेब. सोमवारीच कासार आला व्हता. साक्षगंध म्हनून समद्या बायाईनं हिरवा चुडा भरला. म्या भरला, पुष्पानं भरला. आमच्या जाऊबाईनं हात पुढं केला नाई. म्हने, हात सुजला. एका अर्थी बरं झालं. नाईतं बुधवारी नव्या बांगड्या फोडा लागत्या.”

शालूबाई आतल्या दाराला टेकून बसली होती. कपाळ पुसलेलं, मनगटं उघडी. हातावर सूज कुठंच नव्हती. पुष्पा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

कस्तुऱ्यांनी जमादाराला सांगितलं, “फादरांना आणि पाटलांना बोलावून आण. पुष्पाला शेजारी पाठव.”

पोरगी गेली. माणसं जमली. कस्तुरे बोलायला लागले. आवाजात जिंकल्याचा लवलेशही नव्हता. या कामात शोध लागतो त्या दिवशी जेवण जात नाही, असं ते घरी नेहमी म्हणत.

“सगळ्यांना वाटलं, विष फादरांसाठी होतं आणि मोतीराम चुकून मेला. मलाही तसंच वाटलं. पण फादरांच्या उपासाबद्दल गावाची एक चूक झाली होती. आपल्यासारखाच त्यांचा उपास, असं समजून अकरा घरांनी उपासाला चालेल तेच पाठवलं. फादरांना मारणाऱ्यानंसुद्धा तेच पाठवलं असतं, नाहीतर ते खाणार कसे? मेथीच्या लाडवांत गहू. ज्यानं हे लाडू वळले, त्याच्या मनात फादर खातील हे आलंच नाही. उपास नसलेल्या माणसासाठी ते वळले होते.”

“म्हंजे मोतीरामसाठीच?” पाटलांनी विचारलं.

“मोतीरामसाठीच. म्हणजे फादर गोड सोडतात आणि ते झोपडीत जातं, हे पाठवणाऱ्याला माहीत होतं. ते फक्त झुंबरबाई सांगू शकत होती. तिनं कोणाला तरी सांगितलं आणि आता फाशीची भीती घातली तरी नाव घेत नाही. कारभाऱ्यासाठी ती एवढं करणार नाही. केसरबाईसाठीही नाही. तिला जिची फार दया आली, तिच्यासाठी करील.”

कस्तुऱ्यांनी लाल काठाचा तो तुकडा सगळ्यांसमोर ठेवला.

“लाडू डब्यात आले नाहीत, कारण डब्यावर नाव असतं आणि डबा परत येतो. कापडात आले. पुरुषाच्या जुन्या धोतराचं कापड, धुऊन जपलेलं. मोतीरामनं ते घडी करून उशाला घेतलं. कुत्र्याला भाकरी दिली, लाडू एकही दिला नाही. धोतर आपलं आहे आणि लाडू कोणाच्या हातचे आहेत, हे त्यानं ओळखलं होतं. विष आहे हे कळलं होतं, की नऊ वर्षांनी मिळालेलं कोणाला वाटून द्यावंसं वाटलं नाही, ते मला सांगता येणार नाही.”

मग ते शालूबाईकडे न पाहता म्हणाले, “आणि सोमवारी घरातल्या सगळ्या बायकांनी पोरीच्या साक्षगंधासाठी चुडा भरला. पोरीच्या आईनं भरला नाही. दोन दिवसांनी फोडायच्या बांगड्या हातात भरून घ्यायला तिचं मन धजलं नाही.”

केसरबाईनं तोंडावर पदर धरला.

शालूबाईनं नाकारलं नाही. तिला जणू हे ओझं कोणीतरी उतरवायलाच हवं होतं.

“दर बाजाराच्या दिवशी मी मिशनच्या हिरीवर जाऊन उभी राहो,” ती म्हणाली. “दुरून त्याईले पाहो. झुंबराक्काले इचारो, काय खाते, गोड भेटते का. ती सांगे. नऊ वर्सं त्याईच्या नावाचं कुकू लावलं, साहेब. पन पोरीचं लगन दोनदा मोडलं. आता तिसऱ्यांदा पाहुने म्हने, त्या मानसाले पाहू. पोट्टी हिरीत वाकून पाहाले लागली व्हती. इकडं ते, तिकडं पोरगी. दोघं नाई वाचत. म्या पोरगी धरली. त्याइले मेथीचे लाडू आवडे. म्हनलं, मराचंच हाये तं आवडते ते खाऊन जावं.”

फादर लोपीस भिंतीपाशी उभे होते. त्यांनी झग्याच्या खिशातून एक कागद काढला.

“हा दवाखान्याचा कागद,” ते म्हणाले. “तीन वेळा तपासलं. गोळ्यांनी मोतीरामचा रोग गेला होता. बोटं झडली ती झडली, पण त्याच्यापासून आता कोणाला काही होणार नव्हतं.”

शालूबाईनं तो कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“पाहुण्यांना मीच पत्र लिहिलं,” फादर म्हणाले. “मुलाच्या वडलांचा, वडनेरच्या निवृत्तीरावांचा, सख्खा भाऊ याच गोळ्यांनी बरा झालाय. त्यांनी उलट कळवलं, आम्ही आधी व्याह्याला भेटू, मग कुंकू लावू. ते लग्न मोडायला येणार नव्हते. मोतीराम म्हणाला, बाबा, त्यांनी डोळ्यांनी पाहीपर्यंत घरी सांगू नका, पुन्हा मोडलं तर त्या दोघी आशेनं मरतील. मी ऐकलं. मी तोंड उघडायला हवं होतं.”

शालूबाईच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी लिहायला जात नाही. शेजारच्या घरातून पुष्पा धावत आली आणि तिला कोणी काही सांगायच्या आधीच तिनं आईला मिठी मारली.

शुक्रवारी दहाच्या सुमारास वडनेरच्या पाहुण्यांची दोन बैलांची दमणी उंबरखेडीत आली. मोतीराम गेल्याचं निवृत्तीरावांना वाटेत अमडापूरलाच कळलं होतं, बाकीचं पाटलांच्या ओसरीवर कळलं. त्यांनी व्याह्यासाठी धोतरजोडी आणि पागोटं आणलं होतं. ते त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

“बापाले महारोग झाला म्हनून आमी पोरगी सोडली नसती, साहेब,” ते कस्तुऱ्यांना म्हणाले. “मी माह्या भावाच्या ताटात जेवतो. पन आता घरी काय सांगू? कोनत्या तोंडानं हे लगन करू?”

त्यांनी बैल सोडलेसुद्धा नाहीत. ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत गेले. पुष्पा दारात उभी होती. तिच्याकडे पाहायचं धैर्य कोणालाच झालं नाही, कस्तुऱ्यांनाही नाही.

दुपारी कस्तुरे झुंबरबाईच्या सुटकेचा कागद घेऊन ठाण्यात आले. बायकांसाठी ठाण्यात एकच कोठडी होती. शालूबाईला आदल्या संध्याकाळीच तिथं आणून बसवलं होतं. ती एका कोपऱ्यात, झुंबरबाई दुसऱ्या कोपऱ्यात. जमादारानं कुलूप काढलं.

“झुंबरबाई, तू सुटलीस. घरी जा. फादर बाहेर थांबलेत.”

ती उठली नाही.

“तुला हे ठाऊक होतं,” कस्तुरे म्हणाले.

“गठुडं सोडलं तवा नाई. त्याईचे डोये मिटले, उशाशी घडी केलेलं ते फडकं पाह्यलं, तवा कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काऊन बोलू?” झुंबरबाईचा आवाज चढला. “मले कोन हाये? मी गेली असती तं कोनाचं काय अडलं असतं? पाहुने आले असते, पोरीले कुकू लागलं असतं, माय तिच्याजवळ राह्यली असती. एका बाईत समदं भागत व्हतं, साहेब. तुमाले एवढं हुशार व्हाले सांगतलं कोनं?”

जमादार दार धरून उभा होता. झुंबरबाई उठली. दाराकडे न येता ती शालूबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचे उघडे हात आपल्या हातांत घेतले.

“लावा दार,” ती म्हणाली.